बिदागी आणि नेमणूक

गेल्या वासी उत्तरायणाची गोष्ट. सकाळी मी तंबोरा जुळवीत बसलो होतो. बहुतेक मुले अगाशीवर पतंगांच्या मागे; तरी चारदोन येतील त्यांना भैरवाचे आलाप सांगावेत असा विचार होता. एवढ्यात एक विद्यार्थी धापा टाकीत जिना चढून वर आला. त्याच्या हातातल्या टॉवेलात एक घार होती. उजव्या पंखात मांजा रुतला होता आणि टॉवेलाला रक्त लागले होते. "सर, ही जिवंत आहे," एवढेच तो म्हणाला.

त्यानंतर मी जे केले ते वाचकांना सांगावयास लाज वाटते. पण या लेखाचे कारणच ते आहे. घार चोच उघडी टाकून श्वास घेत होती. तिला तहान लागली असेल असे मला वाटले. मी देवघरातून पळी आणली आणि दोन पळ्या पाणी तिच्या चोचीत ओतले. तिला ठसका लागल्यासारखे झाले, मान लुळी पडली. स्कूटरवरून तिला जवळच्या उपचारकेंद्रात नेले तेव्हा ती गेलेली होती. तेथील डॉक्टरबाईंनी पंख उलगडून पाहिला आणि शांतपणे विचारले, "पाणी कोणी पाजलं?" मी म्हणालो, "मी." त्या रागावल्या नाहीत. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचे तोंड असते, वरून ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते, असे त्यांनी समजावून सांगितले. "पंखाची जखम शिवण्यासारखी होती, मास्तर," एवढे शेवटचे वाक्य मात्र त्यांनी माझ्याकडे न पाहता म्हटले.

माझा विद्यार्थी बाजूला उभा राहून हे सारे ऐकत होता.

त्या दिवसापासून दर रविवारी मी त्या केंद्रात जातो. तेथे मला फारसे काही येत नाही. पिंजरे धुणे, चिंध्या वाळत घालणे, वही लिहिणे, एवढी माझी चाकरी. परंतु वर्षभर हे काम जवळून पाहिल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली, आणि ती सांगावयाला मला माझ्या वडिलांचे शब्द घ्यावे लागतात.

अण्णा १९४६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, बडोदे सरकारच्या कलावंत कारखान्यात सनईवर लागले. तीनच वर्षांत, १ मे १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे तो दरबार मी पाहिला नाही, फक्त त्याच्या गोष्टी ऐकल्या. अण्णा म्हणत, "बाळ, बिदागी वेगळी आणि नेमणूक वेगळी. बिदागी मैफलीची, नेमणूक पोटाची." कोणाकडे लग्नमुंज निघाली, वाजवले, लोक खूष झाले, पाकीट मिळाले, ही बिदागी. पण आषाढात लग्न नाही, पितृपक्षात मंगलकार्य नाही. तेव्हाही सनईवाल्याच्या घरी चूल पेटावी लागते. दरबारात ठरलेल्या तारखेला पगार होई आणि ठरलेल्या वेळी हजेरी लागे. दोन्ही बाजूंनी बांधिलकी होती. नेमणूक गेली आणि अण्णांची उरलेली हयात बिदागीवर गेली. आमच्या घरातले भरलेले महिने आणि रिकामे महिने मला अजून आठवतात.

रस्त्यावरच्या जनावरांच्या बाबतीत आपण सारे बिदागी देणारे आहोत. नेमणूक करणारे फार थोडे.

हे मी कोणाला दूषण देण्यासाठी म्हणत नाही. दयेचा वारसा आपल्या या प्रांताला थोर आहे. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे. त्यातल्या दुसऱ्या लेखात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, राजाने माणसांच्या आणि जनावरांच्या अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे, आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्याचे कोरलेले आहे. दया आली म्हणून तो थांबला नाही. औषधाची झाडे लावली. झाड लावणे हे पुढच्या वर्षांचे काम आहे, हे लक्षात घ्यावे.

आणखी जवळचे उदाहरण खंबायतचे. बडोद्याहून गाडीने दोनएक तासांत आपण तेथे पोचतो. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा रोमचा प्रवासी तेथे आला आणि त्याने पक्ष्यांचे इस्पितळ पाहिले. आजारी, जखमी, जोडीदाराविना राहिलेले पक्षी तेथे सांभाळले जात. बरा झालेला पक्षी रानातला असेल तर त्याला मोकळे सोडीत, आणि माणसाळलेला असेल तर एखाद्या भाविक गृहस्थाच्या घरी ठेवावयास देत. त्या प्रवाशाला सर्वांत नवल वाटले ते एका म्हाताऱ्याचे. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, समोर कापसाच्या पेटीत आईविना राहिलेली उंदराची पिल्ले, आणि हा गृहस्थ पक्ष्याच्या पिसाने त्यांना दुधाचे थेंब पाजीत बसलेला. चारशे वर्षांपूर्वी या माणसाला ठाऊक होते की इवल्या जिवाच्या तोंडात वाटी ओतावयाची नसते. आणि मी, शिकलेला, पळी घेऊन बसलो!

मुंबईची हकिकत निराळी आहे. तेथे आधी दंगा झाला. मोकाट कुत्री मारण्यासाठी सरकारने शिपायांना कुत्र्यामागे इनाम ठरवले होते. जून १८३२ मध्ये त्यावरून पारशी मंडळी खवळली, इतर व्यापारीही सामील झाले, दुकाने बंद पडली आणि कोटातल्या फौजेला रसद मिळेना. दंगा दोन दिवसांत शमला. पण त्या रागाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. दोनच वर्षांनी, १८३४ साली, भुलेश्वरजवळ पांजरपोळ उभी राहिली, आणि तिच्या मुळाशी जमशेटजी जीजीभाई होते. त्यांचे बालपण आपल्या बडोदे राज्यातल्याच नवसारीत गेलेले. अशा पांजरपोळी केवळ वर्गणीवर चालल्या नाहीत. महाजनांनी मालाच्या उलाढालीवर लहानशी लाग बसवली. सौदा झाला की जनावरांचा वाटा आपोआप बाजूला पडे. कोणाला दया आली की नाही, हा प्रश्नच उरला नाही. ही झाली नेमणूक.

पुढे १८८४ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ सुरू झाले, आणि दोन वर्षांनी तेथेच मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. आश्रयाला विद्येची जोड मिळाली. पांजरपोळ जिवाला मरेपर्यंत सांभाळते. इस्पितळ त्याला बरे करून परत पाठवू पाहते. या दोन कल्पना वेगळ्या आहेत, आणि आजच्या प्रत्येक चांगल्या आश्रयस्थानाला दोन्ही एकाच छपराखाली नांदवाव्या लागतात.

आपल्या बडोद्यात जनावरांची हौस काही कमी नव्हती. खंडेराव महाराजांच्या काळात हत्तींच्या साठमाऱ्या होत आणि कबुतरांचे लग्न थाटामाटात लागल्याचे लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. पागा होती, हत्तीखाना होता; त्या नावाची वस्ती आजही आहे. राजाच्या हत्तीला माहूत होता, ठरलेली वैरण होती, हिशेब ठेवणारा कारकून होता. मात्र रस्त्यावरच्या कुत्र्याला, भाकड म्हणून सोडलेल्या गाईला, मांजाने कापलेल्या घारीला कारकून कोण देणार? ज्याला धनी नाही त्याची नेमणूक कोणी करावयाची, हा खरा प्रश्न आहे.

ती किती कठीण असते हे रोजच्या कामात दिसते. सकाळी सहाला दार उघडले की पहिले काम उपचाराचे नसते, साफसफाईचे असते. रात्रीत कोण गेले, कोणी खाल्ले नाही, कोणाच्या पातळ हगवणीला रक्त आहे, हे पाहून मगच औषधाची पेटी उघडते. नवे आलेले कुत्रे इतरांत मिसळता येत नाही. त्याला काही दिवस वेगळे ठेवावे लागते. पार्व्हो किंवा डिस्टेंपर आत शिरला तर लसीविना असलेली पिल्ले एकामागून एक जातात. म्हणून पिल्लांना हात लावणाऱ्याने आजाऱ्याला हात लावावयाचा नाही, आणि लावलाच तर कपडे बदलावयाचे. पावसाळ्यात जखमांत किडे पडतात. ते चिमट्याने एकेक काढावे लागतात, आणि त्या कुत्र्याचे तोंड बांधून धरणारा माणूस तासभर हलता कामा नये. गाईचे पोट फाडून आतून प्लॅस्टिकच्या पिशव्या काढतात. त्या आपल्याच घरच्या उष्ट्यासकट बांधून टाकलेल्या असतात.

या सगळ्यात टाळ्या पडण्यासारखे काही नाही. केंद्राच्या दाराशी मात्र रोज दृश्य असते. गाडी थांबते, खोक्यात चार पिल्ले असतात, एखादी ताई डोळे पुसत म्हणते, "बिचारी रस्त्यावर होती, म्हणून आणली." पिल्ले ठेवून ती जाते. पुण्य तिच्या पदरी पडते, आणि पिल्लांची पुढची बारा वर्षे दुसऱ्या कोणाच्या तरी पदरी. कित्येकदा ती पिल्ले अनाथही नसतात. आई भाकर शोधावयास गेलेली असते. मी ताईंना हसत नाही. मीही घार अशीच नेली होती.

दया डोळस नसली तर केवढा अनर्थ होतो, याचे एक उदाहरण गिधाडांचे. आजारी गाईंचे दुखणे कमी व्हावे म्हणून डायक्लोफेनॅक हे औषध सर्रास दिले जाई. हेतू दयेचाच होता. ती गाय मेली, उघड्यावर टाकली, गिधाडांनी खाल्ली, आणि त्या औषधाने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली शेकडा ९९ हून अधिक गिधाडे १९९२ ते २००७ या काळात नाहीशी झाली. कारण २००४ साली उमगले आणि २००६ साली जनावरांसाठी ते औषध बंद करण्यात आले. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध तेव्हाही होते. म्हणजे गाईवर दया करण्यासाठी गिधाडांचा बळी द्यावयाची गरज नव्हती. फक्त माहिती हवी होती.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. चांदणी चौकाच्या तोंडाशी लाल मंदिरात जैन मंडळींचे पक्ष्यांचे इस्पितळ आहे. असंख्य कबुतरे तेथे बरी झाली. परंतु मांसाहारी पक्ष्याला तेथे मलमपट्टी बाहेरून मिळते, आत ठेवून घेत नाहीत. धर्माचा नियम आहे आणि तो प्रामाणिक आहे. मग जखमी घारीने जावे कोठे? या प्रश्नातून नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या दोघा भावांनी वजीराबादला आपल्या घराच्या तळघरात घारींवर उपचार सुरू केले. व्यायामाच्या नादात शिकलेले स्नायूंचे ज्ञान त्यांना पंख बांधताना उपयोगी पडले. त्यांच्या हातून हजारो घारी गेल्या आहेत. त्यांच्यावरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा शौनक सेन यांचा चित्रपट २०२२ साली कान येथे गौरवला गेला. पण चित्रपट निघण्याच्या कितीतरी वर्षे आधीपासून ते रोज मांसाचा खिमा करीत होते, हे मला अधिक मोलाचे वाटते.

कुत्र्यांचा प्रश्न याहून अवघड आहे; त्यात माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे. चावलेल्या पोराच्या आईला दयेचे प्रवचन देणे हा उद्दामपणा होय. माणसाला होणारी रेबीज बहुतेक सर्व कुत्र्यापासूनच येते, आणि ती झाली की उपाय नाही. उपाय आहे तो आधीचा: चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुणे, तडक इस्पितळात जाऊन लस घेणे, आणि गावातल्या शेकडा ७० कुत्र्यांना दरवर्षी लस टोचणे. एवढ्यांना टोचली की रोगाची साखळी तुटते. २००१ च्या नियमांत आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांत कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना होते तेथेच सोडावे, असे आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेबीज झालेली व चावरी कुत्री वगळून हाच मार्ग सांगितला. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, इस्पितळे, बसस्थानके, रेल्वेस्थानके येथली कुत्री हलवून आश्रयस्थानात ठेवावीत आणि परत तेथे सोडू नयेत, असा आदेश दिला.

त्या आदेशाच्या बाजूने वा विरुद्ध बोलण्याचा मला अधिकार नाही. मी केवळ वही लिहिणारा आहे, म्हणून हिशेब सांगतो. नसबंदीचे कुत्रे आठवडाभर राहते. आता येणारे कुत्रे दहा वर्षे राहील. त्याला रोज अन्न, जागा, दरवर्षी लस आणि म्हातारपणी माणूस लागेल. ही सोय आधी न करता कुत्री कोंडली तर ते आश्रयस्थान राहणार नाही, कोंडवाडा होईल. ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते आणि ज्यांना त्यांची कीव येते, त्या दोघांचेही हित या एका गोष्टीत आहे. गंमत अशी की हे दोघेही नेमणुकीला सारखेच तयार नसतात.

आम्हा कलावंतांनी या कामापासून दूर राहावे असेही नाही. जनावरांना क्रूरतेपासून वाचवणारा १९६० चा कायदा झाला त्यामागे एका नर्तिकेचा हात होता. १९३६ साली मद्रासला कलाक्षेत्र उभारणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झाल्या. त्यांनी या विषयावर स्वतः विधेयक मांडले. सरकार असा कायदा आणील असे पंडित नेहरूंनी आश्वासन दिल्यावर ते मागे घेतले, आणि कायदा होईपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या पशुकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. भरतनाट्यमचा रियाज करणाऱ्या बाईला रोजच्या कामाची चिकाटी निराळी शिकावी लागली नसावी.

आपल्याकडेही अशी चिकाटी आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीच्या मगरी वस्तीत शिरल्या, तेव्हा तीन दिवसांत २४ मगरी पकडून सुरक्षित जागी नेल्या. वनखात्याबरोबर त्यात गावातले स्वयंसेवक होते. पूर आल्यावर कोणी मगर धरावयास शिकत नाही. ही मंडळी वर्षानुवर्षे, कोणी पाहत नसताना, रात्री-अपरात्री हाकेला धावत आलेली आहेत.

संक्रांत आता जवळ आली आहे. आपल्या जुन्या घरांतून त्या दिवशी गाईला घुगरी आणि गवत घालण्याची चाल आहे, आणि पांजरपोळीच्या पेटीत पैसे टाकण्याचीही. ती मोडा असे मी म्हणणार नाही. माझ्या आईने ती कधी चुकवली नाही. परंतु रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकाच दिवशी दहा घरची घुगरी गेली तर ती आंबते, पोट फुगते, आणि दुसऱ्या दिवशी गाय आडवी होते. मूठभर द्यावी; उरलेल्याचे पैसे करावेत, आणि ते बारा महिन्यांत वाटावेत. महिन्याला शंभर रुपये देणारे पन्नास जण हे एकदाच पाच हजार देणाऱ्या एका दात्यापेक्षा केंद्राला हवेसे असतात, कारण श्रावणातही वैरण विकत घ्यावी लागते. ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनी आठवड्यातले दोन तास द्यावेत. मात्र वार ठरवून द्यावा आणि तो पाळावा.

नायलॉनच्या मांजाला २०१७ पासून देशभर बंदी आहे. तो विकत घेऊ नये, आणि पहाटे व तिन्हीसांजेला, पक्षी उडण्याच्या वेळी, पतंग उडवू नये. जखमी पक्षी सापडलाच तर मांजा ओढून काढू नये. पक्ष्याकडचे टोक तसेच ठेवून बाकीचा कापावा. हवा जाईल अशी भोके पाडलेल्या अंधाऱ्या खोक्यात त्याला ठेवावे, आणि १९६२ या क्रमांकावर कळवावे किंवा तडक केंद्रात न्यावे. पाणी पाजू नये.

आमच्या वर्गाच्या दाराशी सध्या एक पुठ्ठ्याचे खोके ठेवलेले आहे. त्याच विद्यार्थ्याने ते आणले, चारी बाजूंना भोके पाडली, आत जुने धोतर अंथरले आणि वर केंद्राचा क्रमांक लिहिला. रविवारी तो माझ्याबरोबर येतो. पिंजरे धुण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा चलाख आहे. परवा त्याने विचारले, "सर, उत्तरायणाला क्लास आहे?" मी म्हणालो, "क्लास नाही. पण दोन्ही दिवस मी दार उघडं ठेवून बसणार आहे." तो म्हणाला, "मग मी पण बसतो."